धडधडीचा कासरा कोणाच्या हाती?

आज दिवसभरात तुमचं हृदय साधारण एक लाख वेळा धडकणार आहे आणि त्यातला बहुधा एकही ठोका तुम्हाला कळणार नाही. मिनिटाला ७०, तासाला ४,२००, दिवसाला १,००,८००. मुठीएवढा स्नायू बरगड्यांच्या आतून अखंड धक्के देत असतो आणि आपण निवांतपणे वरणभात कालवत बसलेले असतो! ठोक्याठोक्याची खबर मेंदूपर्यंत पोचते. तो ती ऐकतो आणि आपल्याला न सांगता बाजूला ठेवतो.

मग एखाद्या रात्री ती बाजूला ठेवता येत नाही.

दिवाळी सरली की भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस येतात. साकोली, लाखांदूरकडच्या गावांमध्ये झाडीपट्टीची नाटकं पहाटेपर्यंत रंगतात. समजा, पाहुण्यांच्या गर्दीत जेवायला उशीर झाला, रस्सा झणझणीत होता, नाटक बघताना चहावर चहा झाला आणि गालात खर्राही होता. उजाडता उजाडता माणूस घरी येऊन आडवा पडतो. घशाशी आंबट येतं, छातीत जळजळतं आणि त्यामागोमाग धडधड सुरू होते. तो उठून बसतो. आई म्हणते, "गॅस झाला असंल, ओवा खा." बायको म्हणते, "तुम्ही टेन्शनच लय घेता."

कोणाचं खरं? दोघींचंही खरं असू शकतं. पण त्यासाठी आधी ठोका येतो कुठून, ते बघू.

१९०६ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये मार्टिन फ्लॅक नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाखाली हृदयाचे काप तपासत होता. हृदय होतं मोल नावाच्या, जमिनीत बिळं करून राहणाऱ्या चिमुकल्या प्राण्याचं. उजव्या अलिंदाच्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्याच्या, वरच्या कडेला त्याला एक विचित्र पेशीसमूह दिसला. त्याचे गुरू आर्थर कीथ यांनी तो पाहिला आणि पुढच्या वर्षी दोघांनी मिळून शोध जाहीर केला. हीच हृदयाची गती ठरवणारी गाठ. इथल्या पेशी कोणाच्याही हुकमाची वाट पाहत नाहीत. क्षारांचे कण आतबाहेर करत त्या आपोआप विजेचा छोटासा झटका तयार करतात. तो सगळ्या हृदयभर पसरतो आणि हृदय आकुंचन पावतं. म्हणून तर शरीराबाहेर काढलेलं हृदयसुद्धा योग्य द्रावण आणि प्राणवायू मिळाला तर धडधडत राहतं. ना मेंदू, ना मज्जातंतू, तरी ठोका चालूच!

पण खरी गंमत पुढे आहे. ही गाठ स्वतःच्या मर्जीने चालली तर मिनिटाला किती ठोके देईल? साठ? सत्तर? नाही, जवळजवळ शंभर. हृदयप्रत्यारोपण झालेल्या माणसाची नाडी नुसतं बसलेलं असतानाही बहुधा ९० ते ११० च्या दरम्यान असते, कारण नव्या हृदयाचे मज्जातंतू शस्त्रक्रियेत कापले गेलेले असतात. मग आपली नाडी सत्तरवर कशी राहते? कोणीतरी तिला सतत आवरून धरलेलं असतं म्हणून.

लाखनीचा शंकरपट पाहिलाय? बैलांना पळवावं लागत नाही, ते पळायला उतावीळच असतात. धुरकऱ्याची कसोटी लागते ती कासरा धरण्यात. हृदयाचा कासरा म्हणजे व्हेगस नावाचा मज्जातंतू. तो मेंदूच्या बुडातून निघतो, गळ्यातून छातीत उतरतो, हृदयाला फांद्या देतो आणि अन्ननलिकेला बिलगून थेट पोटात जातो. तेव्हा धडधड वाढायला दोन वाटा आहेत. एक, कासरा सैल सोडणं. दोन, तुतारीची आर टोचणं, म्हणजे ॲड्रेनॅलिनचा मारा.

कासरा हृदयाला आवरतो तरी कसा? १९२१ साली ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने हे दाखवलं, तेही स्वप्नात सुचलेल्या प्रयोगातून! त्याने बेडकाची दोन हृदयं वेगवेगळ्या द्रावणांत धडधडत ठेवली. पहिल्याचा व्हेगस उत्तेजित केला, ते मंदावलं. मग त्याच्याभोवतीचं द्रावण घेऊन दुसऱ्या हृदयाला दिलं. त्याला कोणी हातही लावला नव्हता, तरी तेही मंदावलं! मज्जातंतू हृदयाशी रसायनाच्या भाषेत बोलतो, हे त्या दिवशी कळलं. या कामासाठी लोवीला १९३६ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

हा कासरा तुम्हाला स्वतःच्या बोटांखाली जाणवू शकतो. मनगटावर नाडी धरा. हळूहळू खोल श्वास घ्या, ठोके किंचित जवळ येतील. आता श्वास लांबवत सोडा, ठोके लांब लांब पडतील. श्वास घेताना व्हेगस सैलावतो, सोडताना ताणला जातो. तरुण, निरोगी माणसात हा फरक चांगला स्पष्ट कळतो.

आता धास्तीकडे वळू. रानात वाघ दिसला काय किंवा धानाचं पीक गेल्यावर कर्जाचा हप्ता आठवला काय, मेंदूतला धोक्याचा पहारेकरी भाग दोन्हींना जवळजवळ सारखाच प्रतिसाद देतो. क्षणात कासरा सैल होतो. काही सेकंदांत मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी रक्तात ॲड्रेनॅलिन सोडतात. नाडी ७० वरून १२०, १३० वर जाते. तळहात घामेजतात, तोंड कोरडं पडतं, पोटात गोळा येतो.

हे रसायन किती जबर आहे, याचा धडा महाराष्ट्रानेच जगाला दिला. रायगड जिल्ह्यातल्या महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर काम करत. कोकणातला लाल विंचू चावलेली माणसं तिथे यायची. अंगातून घामाच्या धारा, हातपाय गार, रक्तदाब वाढलेला, हृदय सुसाट आणि शेवटी फुप्फुसांत पाणी. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून बारकाईने नोंदी केल्या. १९८२ साली त्यांचं निरीक्षण 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आलं. विंचवाचं विष मज्जातंतूंना पेटवून ॲड्रेनॅलिन आणि त्याच्या भावंडांचं वादळ उठवतं. त्या वादळावर त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध वापरलं. गंभीर दंशाच्या शंभरांतले तीसेक रुग्ण पूर्वी दगावत, तो आकडा एक-दोनपर्यंत खाली आला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या विषयासाठी यातली मोलाची गोष्ट ही, की मनात भीतीचा विचारही नसताना केवळ रसायनाच्या जोरावर हृदय असं उधळू शकतं.

मग उलटंही होत असेल का? आधी हृदय धावलं आणि त्यामुळे भीती उपजली, असं? २०२३ साली 'नेचर'मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. उंदरांच्या हृदयपेशींत प्रकाशाला प्रतिसाद देणारं प्रथिन बसवलं, अंगात छोटंसं जाकीट घातलं आणि प्रकाशाच्या लुकलुकीवर त्यांचं हृदय मिनिटाला सुमारे ६६० वरून ९०० वर नेलं. सुरक्षित जागी उंदीर मजेत होते. धोक्याच्या जागी मात्र तेच उंदीर घाबरून कोपरा धरू लागले. हृदयाची खबर घेणारा मेंदूतला एक भाग शांत केल्यावर ही भीतीही ओसरली. म्हणजे धडधडीने धास्ती वाढते, धास्तीने धडधड वाढते. रात्री अंधारात पडल्या पडल्या "हार्ट अटॅक तर नाही ना?" असं मनात आलं, की हे चक्र गरगरायला लागतं.

आता आम्लपित्ताची बाजू ऐकू. छातीच्या आतला भूगोल पाहिला की थक्क व्हायला होतं. अन्ननलिका हृदयाच्या डाव्या अलिंदाच्या अगदी पाठीला टेकून खाली उतरते, मध्ये काही मिलिमीटरचं अंतर. इतकी जवळ, की हृदयाचं स्वच्छ चित्र हवं असेल तर डॉक्टर घशातून अन्ननलिकेत सोनोग्राफीची नळी उतरवतात! शेजारी एक, तारा एकच. अन्ननलिकेची जळजळ वर नेणारा व्हेगस आणि हृदयाला आवरणारा व्हेगस मेंदूच्या बुडाशी एकाच ठाण्यात भेटतात. छातीतल्या दुखण्याच्या इतर तंतूंचीही पाठीच्या कण्यात अशीच गर्दी होते. म्हणून जळजळ अन्ननलिकेची आहे की हृदयाची, हे सांगताना मेंदू सर्रास गोंधळतो.

पोट आणि हृदय यांचं हे नातं १९१२ च्या सुमारास लुडविग रोमहेल्ड या जर्मन डॉक्टरने मांडलं. भरपेट जेवल्यावर, पोट फुगल्यावर काही रुग्णांचं हृदय अडखळतं, हे त्याने टिपलं होतं. पण व्हेगस तर हृदयाला आवरणारा, मग त्याला डिवचल्यावर धडधड का व्हावी? याचं उत्तर मोठं सुरेख आहे. व्हेगसचं रसायन मुख्य गाठीला मंद करतं, पण त्याच वेळी अलिंदाच्या पेशींचा दोन ठोक्यांमधला विसावाही कमी करतं. विसावा घटला की एखादा भलताच ठोका मध्ये घुसायला जागा होते. तो वेळेआधी येतो, त्यामुळे दुबळा असतो. मग क्षणभर शांतता, आणि पुढचा ठोका छातीवर गुद्दा मारल्यासारखा. आपल्याला वाटतं ठोका चुकला, प्रत्यक्षात तो आधीच येऊन गेलेला असतो.

पोटातलं आम्ल वर येतंच का? अन्ननलिकेच्या तळाशी स्नायूंचं एक कडं असतं. जेवण गच्च झालं की ते मधूनमधून सैल पडतं. तंबाखूने ते आणखी ढिलं होतं. पन्नीत घोटलेल्या खर्र्यात तंबाखू, सुपारी आणि चुना एकत्र असतात. निकोटिन कडं सैल करतं आणि वर हृदयालाही पळवतं. सुपारीतली द्रव्यंही नाडी वाढवतात. म्हणजे एकाच पुडीतून दोन्ही आजारांना खतपाणी! रोवणीच्या दिवसांत भरल्या पोटी बांधीत वाकून पऱ्हे लावतानाही हाच त्रास उसळतो, कारण पोटावर दाब येतो आणि उताराची दिशाच उलटते.

तर मग निवाडा काय? जेवणानंतर, आडवं पडल्यावर, वाकल्यावर अधूनमधून चुकार ठोके जाणवले तर आम्लपित्ताचा त्यात हात असू शकतो. तासभर १२० च्या वेगाने पळणारं हृदय मात्र केवळ आम्लाचं काम असण्याची शक्यता कमी. तिथे धास्ती जास्त पटते. शिवाय आम्लपित्त आणि धास्ती यांचं साटंलोटं आहे. ताणात असलेल्या माणसाला तेवढंच आम्ल जास्त जळजळतं, आणि जळजळीने ताण वाढतो.

पण संशयितांची यादी इथे संपत नाही. पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्यामुळे किंवा दुसऱ्या कारणाने रक्तात हिमोग्लोबिन कमी असेल तर तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. कित्येक बायांची धडधड ही निव्वळ रक्तक्षयाची असते. थायरॉइड वाढलेलं असेल, मे महिन्याच्या उन्हात अंगातलं पाणी कमी झालं असेल, तरी नाडी पळते. डॉक्टरांना न विचारता वर्षानुवर्षं घेतलेल्या ॲसिडिटीच्या गोळ्यांनी काहींच्या रक्तातलं मॅग्नेशियम घटतं आणि त्यातून ठोक्यांची लय बिघडू शकते. पित्तावरचं औषध हृदयाला नडतं ते असं!

आणि कधी हृदयातल्या विजेची वाटच चुकलेली असते. त्याची खूण म्हणजे बटण दाबावं तशी धडधड एका क्षणात सुरू होते, नाडी १५० ते २२० वर जाते आणि तशीच एका क्षणात थांबते. धास्तीची धडधड चढत जाते आणि हळूहळू उतरते. या आजारात डॉक्टर रुग्णाला जोरात कुंथायला लावतात, लगेच आडवं करून पाय वर उचलतात आणि कित्येकदा हृदय जागच्या जागी ताळ्यावर येतं! २०१५ साली ब्रिटनमध्ये झालेल्या चाचणीत या युक्तीने ४३ टक्के रुग्णांची लय सुधारली. नुसतं कुंथून १७ टक्क्यांची सुधारली होती. औषध नाही, सुई नाही, व्हेगसला दिलेली एक हाक तेवढी.

म्हणून धडधड झाली की घाबरण्याआधी घड्याळ काढा. मिनिटाला ठोके किती, नियमित की वेडेवाकडे, सुरुवात एकदम झाली की हळूहळू, आधी काय खाल्लं, गालात काय होतं, हे लिहून ठेवा. तेवढ्या चार ओळींनी डॉक्टरांचं अर्धं काम होतं. एकदा ईसीजी, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी झाली नसेल तर तीही करा. रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन तास उरका, खर्रा सोडा.

मात्र छातीत दाब येत असेल, दुखणं हातात किंवा जबड्यात उतरत असेल, दरदरून घाम, धाप किंवा भोवळ येत असेल, तर ओवा शोधत बसू नका. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका अगदी पित्तासारखाच वाटू शकतो, वरून कोणालाही ओळखता येत नाही. १०८ ला फोन करा आणि ईसीजी काढा. गॅस असेल तर तो सकाळपर्यंत थांबतो, हृदयाचा झटका थांबत नाही.