नेटवर्कचा ॲम्प्लिफायर तार काढल्यावरही चालला पाहिजे

मोठी दुकाने, शादीखाने, जमातखाने आणि मस्जिदी यांत ध्वनियंत्रणा बसवताना हल्ली नेटवर्कवर चालणारा ॲम्प्लिफायर घ्या, असा आग्रह धरला जातो. यंत्र चांगले आहे, यात शंका नाही. एकाच बारीक तारेवरून चार मजल्यांवर आवाज जातो, प्रत्येक मजल्याचा आवाज वेगळा ठेवता येतो आणि काउंटरवर बसून सर्व पाहता येते. परंतु पैसे मोजण्यापूर्वी आपल्या बंधूंनी एकच सवाल विचारावा. कॉम्प्युटर बंद पडला, राऊटर जळाला किंवा इंटरनेट गेले, तर हे यंत्र बोलेल काय?

आपल्या यंत्रमागवाल्यांना ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. एकेकाळी कारखान्यात एका लाईन शाफ्टवर पट्ट्यांनी अनेक माग फिरत. शाफ्ट थांबला की सगळे माग उभे. पुढे प्रत्येक मागाला स्वतंत्र मोटर आली आणि एकाचे दुखणे दुसऱ्याच्या गळ्यात पडेनासे झाले. नेटवर्कच्या ॲम्प्लिफायरचेही असेच आहे. तो शाफ्टवर ठेवायचा की त्याला स्वतःची मोटर द्यायची, हे बसवतानाच ठरते.

या तारेतून दोन वेगवेगळ्या गोष्टी जातात, एक हुकूम आणि दुसरा आवाज. आवाज किती ठेवायचा, कोणता माईक कोणत्या मजल्यावर जाईल, हे सगळे हुकूम झाले. हे हुकूम बहुतेक चांगल्या यंत्रांत आतल्या मेमरीत साठवता येतात. एकदा साठवले की कॉम्प्युटर काढून नेला तरी चालते. आवाजाचे तसे नाही. ज्या यंत्रातून आवाज निघतो ते आणि मधला स्विच चालू असेल तरच तारेतून आवाज येणार. डांटे नावाची जी पद्धत बरीच वापरली जाते, तिच्यात कोणाचा आवाज कोणाकडे जायचा हे आवाज घेणारे यंत्र स्वतः लक्षात ठेवते, त्यामुळे कॉम्प्युटर लागत नाही. पण स्विच बंद तर आवाज बंद. म्हणून ॲम्प्लिफायरच्या पाठीमागे साध्या तारेचा माईक किंवा लाईन लावण्याची जागा असलीच पाहिजे, आणि नेटवर्कचा आवाज तुटला तर यंत्राने आपोआप त्या जागेकडे वळावे, अशी सोय त्यात आहे काय ते पाहावे. ती नसेल तर निदान हाताने फिरवायचे बटण तरी हवे. दुकानात आग लागली आणि वरच्या मजल्यावरच्या गिऱ्हाइकांना खाली बोलवायचे असले, तर त्या वेळी लॅपटॉपचा पासवर्ड शोधत कोण बसणार?

आता जुळणीकडे येऊ. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो. सर्वसाधारणपणे राऊटर तो वाटतो. राऊटर बदलला की पत्ताही बदलू शकतो, आणि राऊटरच नसला तर पुष्कळ यंत्रे १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आपल्या मनाने घेतात. मग काल दिसणारे यंत्र आज कॉम्प्युटरवर दिसत नाही आणि मालक समजतो की माल खराब निघाला. यावर तोड म्हणजे ॲम्प्लिफायरला कायमचा पत्ता द्यावा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. राऊटर जे पत्ते वाटतो त्यांच्या बाहेरचा तो असावा, आणि कागदावर लिहून यंत्रावर चिकटवावा.

यानंतर वीज येताच यंत्राने कोणती जुळणी उचलायची, हे ठरवून द्यावे लागते. पडद्यावर बदल केला आणि आवाज बदलला, म्हणजे तो कायमचा साठला असे समजू नये. काही यंत्रांत तो वेगळा हुकूम देऊन साठवावा लागतो, नाहीतर वीज गेली की सर्व साफ. आवाज नसताना आपोआप झोपी जाण्याची सवयही पाहून घ्यावी. जागे होईपर्यंत पहिले एक-दोन शब्द गिळले जातात. अजान किंवा सूचना देण्याच्या यंत्रात ही सवय बंदच ठेवलेली बरी.

स्पीकर १०० व्होल्टच्या लाईनवर आहेत की ८ ओहमचे साधे, हेही अशा बऱ्याच यंत्रांत आतल्या जुळणीतूनच ठरते. हिशेब सोपा आहे. ६ वॅटच्या टॅपवर २० स्पीकर म्हणजे १२० वॅट. ॲम्प्लिफायरच्या ताकदीच्या ऐंशी टक्क्यांपुढे जाऊ नये असा रिवाज आहे, म्हणजे निदान १५० वॅटचा चॅनल हवा.

आवाजाच्या मर्यादेचा प्रश्न मात्र सर्वांत नाजूक आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५ अशी मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकरला मनाई आहे आणि एरवीही लेखी परवानगी लागते. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने धार्मिक स्थळांच्या भोंग्यांबाबत निकाल देताना, यंत्रातच आवाजाची मर्यादा बांधून टाकण्याच्या सोयीचा विचार करावा, असे सरकारला सांगितले. नेटवर्कच्या ॲम्प्लिफायरमध्ये लिमिटर म्हणून ही सोय बहुधा असते. हा लिमिटर कॉम्प्युटरमध्ये असता कामा नये, तो ॲम्प्लिफायरच्या आतच बांधलेला असावा. कॉम्प्युटरमधला लिमिटर कॉम्प्युटर बंद होताच निरुपयोगी होतो, आणि मग कोणीतरी उत्साही मुलगा बटण फिरवतो व जबाब विश्वस्तांना द्यावा लागतो. मात्र लिमिटर विजेला आवर घालतो, रस्त्यावरचा आवाज तो मोजत नाही. तेव्हा डेसिबल मीटर घेऊन हद्दीवर उभे राहून मोजावे, त्याप्रमाणे लिमिटर बसवावा आणि कुलूप लावावे.

त्या कुलपाची किल्ली कोणाकडे? आमच्या मते खरी अडचण इथेच आहे. बसवणारा पासवर्ड आपल्याकडे ठेवतो आणि लहानशा बदलासाठीही मालकाला त्याची वाट पाहत बसावे लागते. कापड घेताना आपण ताक्याची दोन्ही टोके उलगडून पाहतो, मग इथे पासवर्ड आणि जुळणीची फाईल बिलासोबत का मागू नये? कंपनीच्या सर्व्हरशिवाय चालतच नाही असा माल तर टाळावाच. लॉजिटेकने स्क्वीझबॉक्स ही नेटवर्कवर गाणी वाजवणारी यंत्रे बनवणे २०१२ मध्ये थांबवले आणि २०२४ मध्ये त्यांचा सर्व्हरही बंद केला. ज्यांनी घरच्याच कॉम्प्युटरवर सर्व्हर ठेवला होता, त्यांची यंत्रे पुढेही वाजत राहिली.

पैसे चुकते करण्यापूर्वी एक परीक्षा घ्यावी. सर्व जुळून झाल्यावर नेटवर्कची तार उपटावी, लॅपटॉप बंद करावा, मेन स्विच पाडावा आणि पाच मिनिटांनी परत चालू करावा. मग साध्या माईकवर बोलून प्रत्येक मजल्यावर माणूस पाठवावा. सगळीकडे आवाज नीट आला, लिमिटरही जागेवर राहिला, तर बिल द्यावे. फाईलची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन ती तिजोरीत आणि दुसरी हिशेबनीसाकडे ठेवावी, कारण फॅक्टरी रिसेटचे बटण चुकून दाबले गेले तर सर्व जुळणी पुसली जाते, आणि तेव्हा ती फाईलच उपयोगी पडते.