शेवाळावर उतारा पाणवनस्पतींचाच

गोंदिया - दिवाणखान्यातील काचेच्या टाकीत हौसेने पाणवनस्पती लावाव्यात आणि महिनाभरात पानांवर हिरवे तंतू, काचेवर तपकिरी थर, तर काठांवर काळ्या दाढीसारखे झुबके दिसू लागावेत, हा अनुभव फिश टँक बाळगणाऱ्या अनेकांना येतो. मग काच घासली जाते, बाजारातील औषध ओतले जाते. परंतु पंधरवड्यात शेवाळ पुन्हा हजर होते. कारण शेवाळ हा मूळ रोग नव्हे. पाण्यातील समतोल ढळल्याची ती खूण आहे.

शेवाळ आणि वनस्पती यांची भूक एकच असते. दोहोंना प्रकाश, कर्बवायू, नायट्रेट आणि फॉस्फेट लागते. वनस्पती जोमाने वाढत असतील, तर शेवाळाच्या वाट्याला फारसे उरत नाही. याउलट प्रकाश भरपूर, पण कर्बवायू अपुरा असेल, तर वनस्पतींची वाढ खुंटते आणि थोडक्यात भागवणारे शेवाळ बाजी मारते. म्हणूनच खत एकदम बंद करून शेवाळाला उपाशी मारण्याचा प्रयत्न उलटतो. आधी वनस्पतीच मरगळतात.

पाणवनस्पतींचे मोल गोंदिया जिल्ह्याला नवे नाही. कोहळी समाजाने बांधलेल्या येथील तलावांची देखभाल १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आल्यानंतर ढासळली. गाळ साचला, बेशरमीची झुडपे माजली, देशी पाणवनस्पती विरळ झाल्या आणि त्यांच्या आश्रयाने वाढणारे स्थानिक मासेही घटले. अर्जुनी मोरगाव परिसरात मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर मच्छीमारांच्या साथीने बेशरम उपटून देशी पाणवनस्पतींची पुन्हा लागवड केली, तेव्हा मासे परतू लागले. या भागातील तलावांत वाढणाऱ्या हायड्रिला, व्हॅलिसनेरिया या वनस्पती मत्स्यालयाच्या दुकानांतही मिळतात. त्या झपाट्याने वाढतात आणि पाण्यातील अतिरिक्त पोषकद्रव्ये शोषून घेतात.

टाकीत काय करावे?

* दिवा रोज ६ ते ८ तासच लावावा. टाकीवर थेट ऊन पडू देऊ नये.
* आठवड्यातून एकदा २५ ते ३० टक्के पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी घालवावे.
* मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील एवढेच खाद्य द्यावे. उरलेले खाद्य कुजून शेवाळाचे खत होते.
* काळी दाढी धरलेली जुनी पाने कापून टाकावीत. कर्बवायू सिलिंडरने दिला जात असल्यास त्याचे प्रमाण रोज सारखे राखावे.
* निळसर हिरवा, दुर्गंधीयुक्त बुळबुळीत थर हे शेवाळ नसून जिवाणू असतात. तो थर ओढून काढावा, टाकी तीन दिवस पूर्ण अंधारात ठेवावी आणि हवेचा पंप सुरू ठेवावा.

शेवाळनाशक औषध हा अखेरचा उपाय होय. एकाच वेळी मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातील प्राणवायू संपवते आणि मासे दगावतात. विदर्भातील उन्हाळ्यात हा धोका अधिक, कारण गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. तांबेयुक्त औषधे तर शेवाळ खाणाऱ्या कोळंबी व गोगलगायींनाच मारतात.

टाकीतील नकोशा वनस्पती वा मासे मात्र तलावात सोडू नयेत. मत्स्यालयांच्या व्यापारातून अमेरिकेतील फ्लोरिडात पोहोचलेली हायड्रिला तेथे जलाशय गुदमरवणारे तण ठरली. त्याचप्रमाणे नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पासारख्या संरक्षित क्षेत्रातून वनस्पती उपटून आणणेही योग्य नाही. दुकानातून आणलेली रोपे स्वच्छ धुऊन, काही दिवस वेगळ्या पाण्यात ठेवून मगच लावावीत. नव्या रोपांनी मूळ धरून वाढ घेण्यास काही आठवडे लागतात. तोवर काच घासत राहणे आणि धीर धरणे, एवढेच हाती असते.