अलिबागची वेधशाळा आणि पृथ्वीचे चुंबकत्व



अलिबाग, नवगाव, रेवदंडा या भागातून इस्राएलला आलेल्या आपल्या मंडळींना अलिबागची चुंबकीय वेधशाळा आठवत असेल. आत काय मोजतात, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक होते. ते आज सांगतो.

ही वेधशाळा आधी मुंबईत कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. त्या विजेने नाजूक उपकरणांच्या नोंदी बिघडल्या असत्या, म्हणून १९०४ साली हे काम अलिबागला हलवले. तेथे मोजतात ते पृथ्वीचे चुंबकत्व.

होकायंत्राची (हिब्रूत मत्स्पेन) सुई उत्तरेकडे वळते, म्हणून पृथ्वीच्या पोटात मोठा लोहचुंबक पुरलेला असावा असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. सुमारे ७७० अंश सेल्सियसच्या वर लोखंड तापले की ते लोहचुंबक राहू शकत नाही, आणि पृथ्वीच्या गाभ्यात तर हजारो अंश उष्णता आहे.

मग हे चुंबकत्व येते कोठून? आपल्या पायांखाली सुमारे २,९०० किलोमीटरवर वितळलेल्या लोखंडाचा थर सुरू होतो. चुलीवरच्या आमटीसारखा हा रस खालीवर होत असतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे त्याच्या प्रवाहांना पीळ बसतो. चुंबकत्व असलेल्या जागेत धातू हलला की त्यात वीज उत्पन्न होते आणि वीज वाहिली की नवे चुंबकत्व उत्पन्न होते. सुरुवातीला विरजणाइतके चुंबकत्व पुरे झाले. पुढे सायकलच्या डायनामोप्रमाणे, रस फिरतो आहे तोवर हे काम चालूच आहे.

याचा आपल्याला उपयोग काय? सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहतो. त्यातील बहुतेक कण पृथ्वीचे चुंबकत्व बाजूला वळवते. मंगळ ग्रहाचा डायनामो सुमारे ४ अब्ज वर्षांपूर्वी बंद पडला. नंतर या वाऱ्याने त्याची बरीचशी हवा उडवून नेली. आज तेथे नद्यांची नुसती कोरडी पात्रे दिसतात.

आपली ढालही कधी कधी हादरते. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून प्रचंड वादळ आले. अमेरिका-युरोपात तारयंत्रे बिघडली, काही तारमास्तरांना विजेचे धक्के बसले. त्या दिवशी कुलाब्याच्या निरीक्षकांनी चुंबकत्वातील मोठी घट नोंदवून ठेवली. तसे वादळ आज आले तर वीजपुरवठा, उपग्रह, टेलिफोन सगळेच अडचणीत येईल. लिफ्ट बंद पडली तर चौथ्या मजल्यावरच्या आमच्यासारख्यांनी काय करावे? म्हणून अशा वादळाचा जोर किती असू शकतो, याचा अंदाज शास्त्रज्ञ आजही घेत असतात, आणि त्यासाठी कुलाब्याच्या त्या जुन्या आकड्यांचा आधार घेतात.

कोणा निरीक्षकाने दिवसभर सुईकडे पाहून प्रामाणिकपणे लिहिलेले ते आकडे दीडशेहून अधिक वर्षांनी जगाच्या उपयोगी पडत आहेत. अलिबागला जाणे झाले, तर नातवंडांना ती वेधशाळा जरूर दाखवा.