मुलांची कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी

काय असते? सोनोग्राफी नेहमीचीच, फक्त शिरेतून किंवा कॅथेटरने मूत्राशयात सूक्ष्म बुडबुड्यांचे औषध सोडतात. आत सल्फर हेक्साफ्लोराइड वायू, भोवती फॉस्फोलिपिडचे कवच. सरासरी आकार 2.5 मायक्रॉन, तांबडी पेशी सुमारे 7. शिरेतून दिलेला वायू श्वासावाटे निघून जातो, मूत्रपिंडांवर भार नाही.

कशासाठी? अमेरिकेत मुलांसाठी मान्यता 2016 मध्ये: यकृतातील गाठी, आणि लघवी उलटी मूत्रपिंडाकडे चढते का हे पाहणे. दुसऱ्या तपासणीत मूल टेबलावरच लघवी करते (लाजते, रडतेही). त्याच वेळी पडद्यावर पांढरे ठिपके वर सरकतात का, हे डॉक्टर पाहतात. दोषाच्या पायऱ्या 1 ते 5.

सीटीपेक्षा वेगळे: क्ष-किरण नाहीत, आयोडीन नाही, गुंगीचे औषध सहसा लागत नाही. मात्र सगळे पोट एकदम दिसत नाही. आतड्यातला वायू आड येतो.

धोका: तीव्र ॲलर्जी, क्वचित. आधीची ॲलर्जी डॉक्टरांना सांगावीच.

सुरतेजवळच्या चलथाणहून तपासणीला जायचे असेल तर: मोठी सरकारी रुग्णालये सुरतेत, नवी सिव्हिल आणि स्मीमेर. सोनोग्राफी असलेल्या प्रत्येक ठिकाणी हे औषध मिळतेच असे नाही. निघण्यापूर्वी फोन करून विचारावे.