तोशिको ताकाएझू यांचे मिटलेले आकार

पात्राची ओळख त्याच्या उपयोगावरून, म्हणजे त्यात काय साठवता येते यावरून, करून देण्याची रीत जगभर रूढ असताना, पात्राचे तोंडच मिटवून त्याला शिल्पाची प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या तोशिको ताकाएझू (१९२२–२०११) यांचे अमेरिकेतील मृत्तिकाशिल्पाच्या इतिहासातील स्थान स्वतंत्र आहे. हवाई बेटांवरील पेपेएकेओ येथे, ओकिनावाहून स्थलांतर केलेल्या जपानी कुटुंबात अकरा भावंडांपैकी सहाव्या म्हणून त्या जन्मल्या. हवाई विद्यापीठात क्लॉड होरान यांच्याकडे शिकल्यानंतर १९५१ मध्ये त्या मिशिगनमधील क्रॅनब्रुक कला अकादमीत दाखल झाल्या, आणि तेथे मूळच्या फिनलंडच्या माया ग्रोटेल यांनी तंत्राच्या शिस्तीबरोबरच स्वतःची वाट स्वतः शोधण्याची जी सवय लावली, ती त्यांना जन्मभर पुरली. १९५५ मध्ये आई आणि बहिणीसह केलेल्या जपानच्या प्रवासात त्यांनी झेन पंथाचा परिचय करून घेतला व शोजी हामादा, तोयो कानेशिगे यांच्यासारख्या श्रेष्ठ कुंभारांची भेट घेतली.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या चाकावर ‘बंद आकार’ दिसू लागले. भट्टीत तापताना आतील हवा आणि वाफ कोंडून पात्र फुटू नये म्हणून माथ्यावर एक बारीक छिद्र तेवढे ठेवलेले असते; बाकी पोकळी कोणालाही न दिसणारी, आणि ताकाएझू यांच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची. आकार मिटवण्यापूर्वी त्या कधी कधी कागदात गुंडाळलेली मातीची गोळी आत सोडत. भाजताना कागद जळून जाई, गोळी सुटी होई आणि पात्र हलवले की त्यातून नाद येई. बाहेरच्या पृष्ठभागावर झिलई, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा थर होणारे मिश्रण, त्या ओतून आणि कुंचल्याने फटकारून चढवीत. अमूर्त अभिव्यक्तिवादी चित्रकलेशी या रंगकामाचे नाते उघड आहे. मात्र येथे चित्राला दर्शनी बाजूच नसल्याने ते पाहण्यासाठी प्रेक्षकाला शिल्पाभोवती फिरावे लागते, आणि चित्र व शिल्प यांचा इतका एकजीव मेळ क्वचितच साधलेला आढळतो. पुढे हे आकार वाढत गेले आणि ‘तारा मालिके’त ते जवळजवळ माणसाच्या उंचीचे झाले.

क्लीव्हलंड येथील कलासंस्थेत आणि १९६७ ते १९९२ या काळात प्रिन्स्टन विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. तरीही त्यांची खरी शाळा न्यू जर्सीतील क्वेकरटाउन येथील राहत्या घरी भरत असे, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. तेथे उमेदवारी करणाऱ्या तरुणांना माती मळणे आणि भट्टी लावणे यांच्या जोडीने भाजीचा मळा व स्वयंपाकही सांभाळावा लागे, कारण चाकावरचे काम आणि घरचे काम यांत ताकाएझू उच्चनीच मानत नसत. मोठ्या शिल्पांसाठी अनेक हातांचे साहाय्य अपरिहार्य असल्याने ही गुरुकुलसदृश व्यवस्था त्यांच्या कलेच्या घडणीतच मुरलेली होती. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात प्राण गमावलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ प्रिन्स्टनच्या आवारात त्यांची ‘रिमेंब्रन्स’ ही कांस्यघंटा उभारण्यात आली. बंद आकारांत दडवलेला नाद येथे सर्वांसाठी खुला झाला आहे.