विश्लेषण : मेनफ्रेमवर लिनक्स कसे चालते? करकंबच्या विद्यार्थ्याला ते घरबसल्या शिकता येईल का?

पंढरपूर-टेंभुर्णी रस्त्यावरच्या करकंबमधून संगणकशास्त्र शिकायला कोणी गोपाळपूरला जाते, कोणी सोलापूरला, तर कोणी पुण्याला. शेवटच्या वर्षी नोकरीचे अर्ज भरताना ‘मेनफ्रेम’ हा शब्द समोर आला की सीनियरांचा सल्ला ठरलेला असतो : त्या नादी लागू नको, ते आजोबांच्या काळातले आहे. हा सल्ला अर्धाच खरा आहे. मेनफ्रेमचा इतिहास साठ वर्षांहून जुना आहे. पण त्याच यंत्रावर आज लिनक्स चालते, आणि ते कॉलेजच्या लॅबमधल्या लिनक्सहून फारसे वेगळे नाही. हे नेमके कसे घडले, तिथला ॲडमिन काय करतो आणि हातात फक्त लॅपटॉप असलेल्या मुलाला यात शिरता येते का, हे समजून घेऊ या.

मेनफ्रेम म्हणजे नेमके काय?

आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी ‘सिस्टीम/३६०’ ही संगणकांची मालिका जाहीर केली. आजचे ‘आयबीएम झेड’ मेनफ्रेम हे तिचेच वंशज. एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झालेल्या ‘झेड १७’मध्ये २०८ पर्यंत प्रोसेसर कोअर आणि ६४ टेराबाइटपर्यंत मेमरी वापरता येते. आकार मात्र मोठ्या फ्रिजसारख्या एक ते चार कपाटांएवढाच.

मेनफ्रेमचे बळ एकाच गणिताच्या वेगात नसते. एकाच वेळी असंख्य छोटे व्यवहार न थांबता पार पाडणे, हे त्याचे काम. सोलापूर जिल्ह्याला साखर कारखान्याचे उदाहरण चटकन पटेल. गाड्यांची नोंद करणारे वेगळे, वजनकाट्यावरचे वेगळे आणि गव्हाणीत ऊस टाकणारे वेगळे असतात, म्हणून गाळप अखंड चालते. मेनफ्रेममध्येही डिस्क आणि नेटवर्कची ने-आण सांभाळायला स्वतंत्र प्रोसेसर असतात. मुख्य प्रोसेसरला त्यासाठी खोळंबून राहावे लागत नाही. शिवाय राखीव कोअर असतात. एखादा कोअर बिघडला तर त्याचे काम दुसऱ्याकडे जाते आणि यंत्र सुरूच राहते. बँका, विमा कंपन्या, विमान कंपन्या आणि कार्ड कंपन्या यासाठीच पैसे मोजतात.

त्यावर लिनक्स आले कसे?

मेनफ्रेमची स्वतःची कार्यप्रणाली आहे. आज ती ‘झेड/ओएस’ नावाने ओळखली जाते. तिची भाषा, पडदे, आज्ञा सगळेच वेगळे. बाहेरच्याला ती परकी वाटते. १९९८-९९ च्या सुमारास लिनस वेप्स्टस या प्रोग्रामरने स्वयंसेवकांना हाताशी धरून मेनफ्रेमवर लिनक्स आणण्याची ‘बिगफूट’ ही खटपट सुरू केली. त्याच काळात जर्मनीतल्या बोबलिंगन इथल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेतही अभियंते गाजावाजा न करता तेच करत होते. १८ डिसेंबर १९९९ रोजी आयबीएमने आपले काम सर्वांसाठी खुले केले.

पुढच्याच वर्षी सुसे या जर्मन कंपनीने मेनफ्रेमसाठी पहिले व्यावसायिक लिनक्स बाजारात आणले. आज रेड हॅट, सुसे आणि उबुंटू ही तिन्ही अधिकृतपणे मेनफ्रेमवर चालतात, डेबियनही चालते. २०१५ मध्ये आयबीएमने ‘लिनक्सवन’ हा फक्त लिनक्सच चालवणारा मेनफ्रेम आणला. त्याच वर्षी लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ‘ओपन मेनफ्रेम प्रोजेक्ट’ सुरू झाला.

एका यंत्रात हजारो सर्व्हर मावतात?

मावतात. डेव्हिड बॉइस यांनी २००० च्या सुमारास केलेली चाचणी अजून सांगितली जाते. एका मेनफ्रेमवर त्यांनी लिनक्सच्या ४१,४०० प्रती एकाच वेळी सुरू केल्या होत्या. प्रत्यक्ष कामासाठी कोणी एवढी गर्दी करत नाही, पण क्षमता सिद्ध झाली.

हे दोन पातळ्यांवर होते. पहिली पातळी ‘एलपार’ची. जुन्या वाड्याच्या पक्क्या भिंती घालून वाटण्या कराव्यात, तसे यंत्राचे भाग पाडले जातात. नव्या मोठ्या यंत्रांत असे ८५ भाग करता येतात. एका भागातला बिघाड दुसऱ्यात शिरत नाही. दुसरी पातळी ‘झेड/व्हीएम’ किंवा ‘केव्हीएम’ची. एका भागात शेकडो आभासी सर्व्हर उभे करण्याचे काम ते करतात. झेड/व्हीएमचे मूळ १९७२ च्या ‘व्हीएम/३७०’मध्ये आहे. क्लाउड हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी मेनफ्रेमवाले आभासी यंत्रे वापरत होते.

यातली मेमरीची वाटणी आषाढीतल्या पंढरपूरच्या धर्मशाळेसारखी असते. सगळे वारकरी एकाच वेळी झोपत नाहीत, म्हणून जागेपेक्षा जास्त माणसे सामावतात. झेड/व्हीएमही प्रत्यक्षात आहे त्याहून जास्त मेमरी सर्व्हरांना वाटू शकते. मात्र सगळे एकदमच आडवे व्हायला आले, तर घोटाळा ठरलेला.

ॲडमिनचे काम कुठे वेगळे पडते?

लॉगिन झाल्यावर पडदा ओळखीचाच असतो. फाइली, परवानग्या, वापरकर्ते, सेवा सुरू-बंद करणे, लॉग वाचणे, सॉफ्टवेअर अद्ययावत करणे, सगळे तेच. लॅबमध्ये शिकलेल्यापैकी फार थोडे वाया जाते. फरक पुढील ठिकाणी जाणवतो.

यंत्र सुरू करणे : इथे ‘बूट’ऐवजी ‘आयपीएल’ म्हणतात. अनेक ठिकाणी ‘झिपल’ नावाचा बूटलोडर असतो. कर्नल किंवा बूटची मांडणी हाताने बदलल्यावर ‘झिपल’ चालवायचे राहिले, तर पुढच्या आयपीएलला जुनेच कर्नल उठते किंवा सर्व्हर उठतच नाही.

उपकरणे : प्रत्येक डिस्क आणि नेटवर्क कार्डाला एक क्रमांक असतो. ते जोडलेले दिसले म्हणून वापरता येईल असे नाही. आधी आज्ञा देऊन ‘ऑनलाइन’ आणावे लागते. ही नोंद कायमची केली नाही, तर सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर डिस्क गायब झाल्यासारखी वाटते. नवख्यांची पहिली धांदल बहुधा इथेच उडते.

कन्सोल : नेटवर्क बंद पडले तर ‘३२७०’ प्रकारच्या जुन्या धाटणीच्या कन्सोलवरून काम करावे लागते. तिथे एकेक ओळच लिहिता येते, पूर्ण पडद्याचा ‘व्हीआय’ संपादक चालत नाही. अशा वेळी ‘सेड’सारख्या साध्या आज्ञेने फाइल दुरुस्त करण्याचा सराव कामी येतो.

मेमरी : साध्या सर्व्हरला मेमरी जास्त दिली तर बिघडत नाही. झेड/व्हीएमखाली तसे नसते. लिनक्स मोकळी मेमरी डिस्कवरच्या फाइलींच्या प्रतींनी भरून टाकते. प्रत्येक सर्व्हरने असे केले तर धर्मशाळा भरते आणि सगळेच रखडतात. म्हणून इथला नियम : गरजेपुरतीच मेमरी द्या, मोजा, मग वाढवा.

प्रोसेसर : ‘टॉप’ या आज्ञेत ‘एसटी’ नावाचा रकाना दिसतो. आपल्या सर्व्हरला काम करायचे होते, पण प्रोसेसर दुसऱ्याकडे होता, असा तो वेळ. हा आकडा वाढला तर दोष आपल्या प्रोग्रामचा असेलच असे नाही, हे ओळखता आले पाहिजे.

सॉफ्टवेअर : मेनफ्रेमच्या प्रोसेसरची रचना ‘एस३९०एक्स’ नावाने ओळखली जाते. लॅपटॉपसाठी तयार केलेली फाइल त्यावर चालत नाही. कंटेनरसुद्धा याच रचनेसाठी तयार केलेला लागतो. आकड्यातले बाइट मांडण्याचा क्रमही लॅपटॉपच्या उलटा असतो. जावा किंवा पायथनमधले बहुतेक काम जसेच्या तसे चालते. ‘सी’मधला निष्काळजी कोड मात्र इथे उघडा पडतो.

या सगळ्याहून मोठा फरक जबाबदारीचा. इथे एका यंत्रावर शेकडो सर्व्हर असतात. एक चुकीची आज्ञा किती जणांचे व्यवहार अडवेल, याचा विचार एंटर दाबण्याआधी करावा लागतो. बदलाची लेखी नोंद, ठरलेली वेळ आणि मागे फिरण्याची वाट आधी आखलेली असते.

कंपन्या हा खर्च का करतात?

पहिले कारण एकत्रीकरण. स्वीडनच्या टेलिया या दूरसंचार कंपनीने २००० मध्ये सुमारे ७० युनिक्स सर्व्हरऐवजी लिनक्स चालवणारा एक मेनफ्रेम घेण्याचे ठरवले, तेव्हा त्याची जगभर चर्चा झाली. वीज, जागा आणि प्रोसेसरगणिक लागणारे सॉफ्टवेअर परवाने यांत बचत होते. दुसरे कारण ‘आयएफएल’ : हे फक्त लिनक्ससाठी राखलेले प्रोसेसर तुलनेने स्वस्त असतात आणि ते वाढवले तरी झेड/ओएसवरच्या सॉफ्टवेअरचे भाडे वाढत नाही. तिसरे कारण जवळीक. खातेदारांची माहिती त्याच यंत्रात झेड/ओएसवर असेल, तर शेजारच्या लिनक्सला ती बाहेरच्या तारांवरून न नेता मेमरीतूनच मिळते.

मर्यादाही आहेत. यंत्राची किंमत कोटींत जाते आणि ते बनवणारी कंपनी मुख्यतः एकच आहे. साध्या संकेतस्थळासाठी मेनफ्रेम घेणे म्हणजे घरच्या चहापुरत्या साखरेसाठी कारखाना काढणे.

महाराष्ट्राचा याच्याशी काय संबंध?

जुना आणि जवळचा. मुंबईत एसो या तेल कंपनीने १९६१ मध्ये आयबीएम १४०१ बसवला. १९६४ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. १९६८ मध्ये मुंबईतच टीसीएस सुरू झाली, आणि फकीरचंद कोहली यांच्या नेतृत्वाखाली तिने पुढे अमेरिकेतल्या बरोज या मेनफ्रेम कंपनीसाठी कामे केली. १९७३ च्या ‘फेरा’ कायद्यावरून झालेल्या वादानंतर आयबीएमने १९७८ मध्ये भारत सोडला. मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीतल्या भारतीय अभियंत्यांनी केली. दुसऱ्याने बनवलेले यंत्र आपण चालते ठेवायचे, ही सवय तेव्हापासूनची. १९९० च्या दशकात ‘वायटूके’च्या दुरुस्तीत तीच उपयोगी पडली आणि मुंबई-पुण्यातल्या हजारो तरुणांनी कोबोल शिकून परदेशी बँकांचे प्रोग्राम तपासले.

करकंबच्या बँक शाखेत काढलेले पैसे मेनफ्रेममधूनच जातात, असे मात्र समजू नये. आपल्याकडच्या बऱ्याच सरकारी बँकांनी कोअर बँकिंग २००० नंतर घेतले आणि ते युनिक्स किंवा लिनक्सच्या सर्व्हरवर उभे राहिले. मेनफ्रेमचे बरेचसे काम आजही परदेशी ग्राहकांसाठी, पण पुणे-मुंबईत बसून होते. पुण्यात आयबीएमचे केंद्र आहे. मेनफ्रेमसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या बीएमसीचेही आहे.

लॅपटॉपवर शिकता येते का?

येते, आणि गेल्या पंचवीस वर्षांतला खरा बदल हाच आहे. पूर्वी मेनफ्रेमला हात लावायला नोकरीच लागायची. आता तीन वाटा आहेत.

पहिली, ‘क्यूएमू’ हे मोफत सॉफ्टवेअर. साध्या लॅपटॉपवर ते एस३९०एक्स प्रोसेसरची नक्कल करते. त्यावर डेबियन बसवता येते. वेग कमी असतो, पण आयपीएल, झिपल, उपकरणे ऑनलाइन आणणे हे सगळे हाताने करून पाहता येते. १९९९ पासूनचे ‘हर्क्युलिस’ हेही असेच मोफत नक्कल-सॉफ्टवेअर आहे.

दुसरी, आयबीएमची ‘लिनक्सवन कम्युनिटी क्लाउड’ सेवा. नाव नोंदवल्यावर खऱ्या मेनफ्रेमवरचा एक आभासी लिनक्स सर्व्हर १२० दिवसांसाठी मोफत मिळतो. लॅपटॉप नसेल, तर मोबाइलवरच्या टर्मिनल ॲपमधूनही तिथे लॉगिन करता येते. नोंदणीआधी सध्याच्या अटी तेवढ्या वाचून घ्याव्यात.

तिसरी, ‘आयबीएम झेड एक्सप्लोर’. यात झेड/ओएसचे धडे टप्प्याटप्प्याने आणि मोफत करता येतात. याशिवाय ओपन मेनफ्रेम प्रोजेक्ट विद्यार्थ्यांना जाणकारांच्या मार्गदर्शनाखाली प्रत्यक्ष काम देतो.

मग नोकरीचे काय?

इथे हातचे राखून बोलणे बरे. मेनफ्रेमच्या जागा वेब किंवा मोबाइल ॲपच्या कामाइतक्या नसतात, आणि त्या करकंबमध्ये किंवा पंढरपुरात निघत नाहीत. फक्त ‘मेनफ्रेमवर लिनक्स येते’ एवढ्यावर कोणी घेईल, असेही नाही. दुसरीकडे, या क्षेत्रातली अनुभवी पिढी निवृत्त होत आहे आणि नवी मुले इकडे कमी वळतात. त्यामुळे ज्याला दोन्ही बाजू कळतात, त्याला स्पर्धा कमी असते.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी साधे लिनक्स पक्के करावे : आज्ञा, शेल स्क्रिप्ट, नेटवर्क, बॅकअप. मग आभासी यंत्रे आणि कंटेनर. त्यानंतर क्यूएमूवर एस३९०एक्स उभे करून एक डिस्क जोडावी, सर्व्हर मुद्दाम बिघडवावा आणि कन्सोलवरून पुन्हा उभा करावा. काय केले, काय चुकले, हे वहीत लिहून ठेवावे. मेनफ्रेमचे काम पुढे मिळाले नाही, तरी यातले पहिले दोन टप्पे कुठल्याही सर्व्हरच्या नोकरीत चालतात. सुरुवातीला लागतो तो लॅपटॉप, ठीक चालणारे इंटरनेट आणि सुट्टीतले दोन महिने.