हा 'एल्स' कोणत्या 'इफ'चा?

इफ (पाऊस) इफ (वारा) खिडकी(); एल्स दार();

सी भाषेच्या धाटणीची ही ओळ. पाऊस नसेल तर काय होईल? 'एल्स' आतल्या 'इफ'ला जोडला तर काहीच होणार नाही. बाहेरच्याला जोडला तर दार() चालेल. व्याकरणाने दोन्ही वाचने मान्य केली, तरी पार्सरला, म्हणजे वाक्याची रचना ओळखणाऱ्या कम्पायलरच्या भागाला, एकच निवडावे लागते. ही निवड कोणी करायची, हा प्रश्न साठ वर्षांहून जुना आहे.

'डँगलिंग एल्स' नावाच्या या पेचावर अल्गोल ६०च्या १९६३मधल्या सुधारित अहवालाने सरळ बंदी घातली: 'देन'च्या मागोमाग दुसरा 'इफ' नको, हवाच असेल तर 'बिगिन-एंड'मध्ये ठेवा. अल्गोल ६८ने प्रत्येक 'इफ' बंद करायला 'फाय' हा शब्द दिला. मला हे दोन्ही उपाय आजही सर्वांत प्रामाणिक वाटतात. पास्कल आणि सी यांनी मात्र व्याकरण तसेच ठेवून शेजारी नियम लिहिला: 'एल्स' सर्वांत जवळच्या मोकळ्या 'इफ'चा.

हा नियम रुळला त्यात बेल लॅब्जमधल्या स्टीफन जॉन्सन यांच्या 'याक'चाही हात आहे. व्याकरण दिले की याक पार्सर तयार करून देते. 'एल्स'पाशी आल्यावर पुढचा शब्द आत घ्यावा (शिफ्ट) की आतले वाक्य मिटवावे (रिड्यूस), असा पेच पडला की याक शिफ्ट करते आणि 'एक शिफ्ट-रिड्यूस कॉन्फ्लिक्ट' एवढे कळवते. त्याचा वारस बायसन तर 'इतके कॉन्फ्लिक्ट अपेक्षित आहेत' असे आधीच सांगू देतो. आकडा जुळला की तो गप्प. धोका इथेच आहे. व्याकरण बदलताना जुना कॉन्फ्लिक्ट जाऊन नवा आला, तरी आकडा एकच राहतो.

कोणतेही व्याकरण संदिग्ध आहे की नाही हे हमखास सांगणारी रीत असूच शकत नाही, हे १९६२मध्येच सिद्ध झाले. म्हणून कॉन्फ्लिक्ट हा संशय असतो, पुरावा नव्हे. पण त्या संशयाची किंमत मोठी आहे.

सीमध्ये दुसरा पेच आहे: 'क * ख;'. 'क' हे चल असेल तर हा गुणाकार. टाइपडेफने दिलेले प्रकाराचे नाव असेल तर 'ख' या पॉइंटरची घोषणा. इथे व्याकरण हतबल होते आणि पार्सरला नावांची नोंदवही, सिम्बॉल टेबल, उघडावी लागते. सी++ने 'घोषणा म्हणून वाचता येत असेल तर ती घोषणाच' असे ठरवले. त्यामुळे वस्तू तयार करायला लिहिलेली ओळ फंक्शनची घोषणा ठरू लागली. स्कॉट मायर्स यांनी त्याला 'मोस्ट व्हेक्सिंग पार्स' म्हटले. २०११च्या मानकाने महिरपी कंसांची वाट दिली, पण जुनी ओळ आजही तशीच वाचली जाते.

ब्रायन फोर्ड यांनी २००४मध्ये मांडलेल्या पेग व्याकरणात पर्याय क्रमाने तपासतात आणि पहिला जुळला की तोच घेतात. पायथॉनने ३.९ आवृत्तीत, २०२०मध्ये, हीच पद्धत स्वीकारली. पेगमध्ये संदिग्धता उरतच नाही, असे म्हणतात. माझ्या मते ती झाकली जाते: पर्यायांचा क्रम निकाल लावतो आणि इशारा कोणालाच मिळत नाही.

गो आणि रस्ट यांनी 'इफ'च्या अटीनंतरच्या भागाभोवती महिरपी कंस सक्तीचे केले आणि वरची ओळ लिहिणेच अशक्य झाले.

छोटी क्वेरी भाषा किंवा कॉन्फिगरेशनची भाषा रचणाऱ्यांना एवढीच विनंती: पार्सर हाताने लिहिणार असाल तरी व्याकरण एकदा बायसनमधून काढा आणि प्रत्येक कॉन्फ्लिक्ट व्याकरण बदलूनच मिटवा.